दार उघडं होतं की ठेवलं होतं

परवा रविवारी आईशी व्हिडिओ कॉल चालू होता आणि मध्येच ती म्हणाली, "अगे, तुझं गाव बघालोय आम्ही टीव्हीवर, दादा रोज रात्री एक भाग लावून देतोय." तुझं गाव म्हणजे मी आता राहते ते स्कॉटलंडमधलं एडिनबरा, आणि ती बघत होती नेटफ्लिक्सवरची डिपार्टमेंट क्यू. इंग्लिश तिला सगळं कळत नाही, दादा पॉज करून करून सांगतो, तरी नऊच्या नऊ भाग बघून झाले होते. पुढचा प्रश्न तिने असा विचारला की मी हातातला चहा खाली ठेवला. "हे मूळचं डेन्मार्कचं हाय म्हणाला दादा. मग गोष्ट तिथली, माणसं इथली, असं कसं चालतंय गे?"

या प्रश्नाचं उत्तर मी आठवडाभर मनात घोळवतेय म्हणून हे लिहायला बसले. बेळगावातले, खानापूर-निपाणीकडचे तुम्ही जे माझं हे वाचता त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना खून, तपास, रहस्य हे सगळं माझ्याइतकंच आवडतं हे मला तुमच्या मेसेजवरून माहीत आहे.

तर आधी माहिती. युसी अ‍ॅडलर-ओल्सेन हा डेन्मार्कचा लेखक, त्याच्या या मालिकेतलं पहिलं पुस्तक २००७ चं, त्यावर २०१३ मध्ये डॅनिश सिनेमाही येऊन गेला. मग २०२५ च्या मे महिन्यात दिग्दर्शक स्कॉट फ्रँकने तीच गोष्ट कोपनहेगनमधून उचलून एडिनबरात आणली, मॅथ्यू गूड मुख्य भूमिकेत, आणि ऑगस्टमध्ये दुसरा सीझन जाहीरसुद्धा झाला. पोलिसातला एक हुशार पण कुणालाच नकोसा झालेला अधिकारी, त्याला तळघरात बसवतात आणि जुन्या, न सुटलेल्या केसेस देतात, एवढंच मूळ. आता मला यात काय आवडलं ते सांगते. नुसती पाटी बदलली नाही त्यांनी. पुस्तकात हरवलेली बाई राजकारणातली आहे, इथे ती सरकारी वकील केली. आणि नायकाला त्यांनी इंग्लंडचा केला, म्हणजे स्कॉटलंडच्या पोलिसात बसलेला इंग्लिश माणूस, आणि त्याच्या जोडीला तळघरात सीरियाहून आलेला अक्रम. आता इथे राहणाऱ्याला विचारा, इंग्लिश माणूस एडिनबरात तोंड उघडतो तेव्हा समोरच्याच्या कपाळावर जी एक बारीक आठी येते ती काय असते. आपल्याकडे खडेबाजारात दुकानदार आधी तोंडाकडे बघतो आणि मग ठरवतो कन्नडमध्ये बोलायचं की मराठीत, तसलंच काहीतरी. हे कोपनहेगनच्या पुस्तकात नव्हतं, ते इथल्या जमिनीतून आलं, आणि म्हणून गोष्ट इथली वाटते.

सहा वर्षं झाली मला इथे. लीथमध्ये राहते, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. पहिलं वर्ष तर भाषा कळण्यातच गेलं, इंग्लिशच असून लोक काय म्हणतायत ते डोक्यावरून जायचं, घरी मालिका लावली की खाली सबटायटल लागायचेच. पण एक शब्द मात्र पहिल्याच दिवशी ओळखीचा निघाला. इथली जुनी माणसं पोलिसांना "पोलिस" म्हणतात, अगदी आपण म्हणतो तसं, पहिल्या अक्षरावर जोर देऊन. बसमध्ये एक आजीबाई असं म्हणाल्या आणि मला एकदम बेळगावातल्या आमच्या शहापूरची आठवण आली.

आणि हे शहर म्हणजे रहस्यकथेचं माहेर आहे हो. शेरलॉक होम्स लिहिणारा कॉनन डॉयल १८५९ मध्ये इथेच पिकार्डी प्लेसला जन्मला, मेडिकलला इथेच शिकला, आणि त्याला शिकवणारे डॉ. जोसेफ बेल पेशंटकडे नुसतं बघून तो कुठून आलाय, काय काम करतो हे सांगायचे, त्यांच्यावरून होम्स सुचला. त्या जागेजवळ होम्सचा पुतळा आहे, माझी बस तिथूनच जाते. १८२८ मध्ये बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा खून करून प्रेतं शरीरशास्त्राच्या डॉक्टरला विकली, त्यातल्या बर्कचा सांगाडा युनिव्हर्सिटीच्या म्युझियममध्ये अजून उभा आहे. आणि लेखक इयन रँकिनच्या कादंबऱ्यांतला इन्स्पेक्टर रीबस, १९८७ पासून चालू. यंग स्ट्रीटवर ऑक्सफर्ड बार नावाचं लहानसं ठिकाण आहे, रीबस तिथेच बसतो, मी एकदा लॅबमधल्या मैत्रिणीबरोबर गेले होते, आत चारदोन म्हातारे बसलेले, कुणी फोटो काढत नाही, कुणी मोठ्याने बोलत नाही. बाहेर हार उतरला होता. समुद्रावरून येणाऱ्या धुक्याला इथे हार म्हणतात. जुलैत खानापूरच्या बाजूला जसं झाड दिसत नाही नुसतं पाणी गळल्याचा आवाज येतो, तसं.

रीबस टीव्हीवर तीनदा आलाय, जॉन हॅना, मग केन स्टॉट, आणि २०२४ मध्ये रिचर्ड रँकिन, हा लेखकाचा नातेवाईक नाही, आडनाव तेवढं एक. नव्याने त्याला पस्तिशीतला आणि आजच्या काळातला केला. लोकांनी इथे बरीच कुरकुर केली पण मला तो आवडला, कारण शहर खरं होतं, भाडं न परवडणारे लोक, फौजेतून परत आलेला भाऊ. उलट ज्या पुस्तकाच्या सिनेमाची सगळ्यात जास्त जाहिरात झाली, रिचर्ड ऑसमनचं थर्सडे मर्डर क्लब, हेलन मिरन आणि पिअर्स ब्रॉस्नन असूनसुद्धा मला ते नुसतं गोड गोड वाटलं. पुस्तकात म्हातारपणाचं आणि मरणाचं जे दुःख आहे ते दोन तासांत बसलं नाही. असो, त्यावर जास्त लिहीत नाही.

आता आईच्या प्रश्नाकडे. आई, गोष्ट एका गावातून दुसऱ्या गावात जाते ती आपण आपल्याच डोळ्यांनी बघितलीय की. दृश्यम आठव. २०१३ मध्ये जीतू जोसेफने मल्याळममध्ये केला, २०१४ मध्ये रविचंद्रनचा कन्नड दृश्य आला, तो मी आणि दादाने बेळगावातच बघितला, हॉल गच्च भरलेला, आमच्या मागे एक मराठी कुटुंब आणि पुढे कन्नड, आणि इंटरव्हलला सगळे एकच बोलत होते, आता हा पकडला जाणार काय. मग २०१५ मध्ये निशिकांत कामतचा हिंदी, तो तर आपल्या चोर्ला घाटाच्या पलीकडे गोव्यात घडतो. मूळ सिनेमात ते कुटुंब ख्रिस्ती ध्यानशिबिराला गेलं होतं, हिंदीत ते २ ऑक्टोबरचं पणजीतलं सत्संग झालं, आणि पावभाजी आली. किती साधा बदल पण किती बरोबर बसला. २०१९ मध्ये चिनी लोकांनी केला तेव्हा कुटुंब थायलंडमध्ये राहणारं चिनी दाखवलं, म्हणजे आपलं गाव सोडून दुसरीकडे पोट भरणारी माणसं. हे वाचल्यावर मी खूप वेळ विचार करत बसले होते, कारण परक्या देशात पोलिसांसमोर उभं राहायची भीती ही आणखी वेगळीच असते. हिंदीबद्दल मात्र माझी एक तक्रार आहे आणि ती मी मनापासून करतेय. साळगावकर नावाचं कुटुंब गोव्याच्या खेड्यात राहतं आणि घरात, चुलीपुढे, लेकीशी बोलताना कोकणीचा मराठीचा एक शब्द नाही? आई मुलीला घाबरून हाक मारेल तेव्हा ती हिंदीत मारेल?

कारण माझ्या मते गुन्ह्याची गोष्ट भाषेत घडते. रस्ते, पाऊस, इमारती हे सगळं कॅमेरा दाखवतोच, पण खोटं बोलायचं ते भाषेत, कबूल करायचं ते भाषेत, आणि जबाब लिहून घेतात तोही भाषेतच.

बाबा असते तर त्यांच्याशी यावर तासभर बोलले असते. त्यांना भारी वेड. वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांच्या, गुरुनाथ नाईकांच्या, सुहास शिरवळकरांच्या रहस्यकथा आणायचे, दुपारी जेवण झालं की खाटेवर पालथं पडून वाचायचे आणि मधेच उठून आईला सांगायचे "मी ओळखलो, मी ओळखलो." अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली म्हणतात, लिहिणारा एक माणूस! शिरवळकरांच्या दुनियादारीवर २०१३ मध्ये सिनेमा आला आणि तुफान चालला, मला आनंदच झाला, पण बाबा म्हणाले माझा फिरोज इराणी कधी आणणार हे लोक, माझा वकील अमर विश्वास कधी येणार. डॅनिश पुस्तक एडिनबरात येतं तर ते अमर विश्वास बेळगाव कोर्टात का येऊ नयेत.

आणि आता जे सांगणार आहे ते मी आधी कधी लिहिलेलं नाही.

मी आठवीत होते तेव्हा शहापूरच्या आमच्या घरात चोरी झाली. आजीच्या बांगड्या आणि आईचं मंगळसूत्र गेलं, आम्ही सगळे लग्नाला गेलो होतो. बाबा तक्रार द्यायला गेले, कुठल्या चौकीत ते सांगत नाही, त्याला आता अर्थ नाही. बाबा मराठीत सांगत होते, लिहिणारे कन्नडमध्ये लिहीत होते, शेजारचे काका मध्ये उभे. बाबा म्हणाले, आम्ही आलो तेव्हा मागचं दार उघडं होतं. कागदावर आलं की मागचं दार उघडं ठेवलं होतं. बाबांनी सही केली, त्यांना कन्नड बोलता यायचं, भरभर लिहिलेलं वाचता यायचं नाही. आणि उघडं ठेवलं होतं म्हणजे कुणीतरी ठेवलं, मग मागच्या दाराने येजा कुणाची, तर भांडी घासायला येणाऱ्या मावशींची. त्यांना दोनदा बोलावून घेतलं, तासन् तास बसवलं. काही निघालं नाही. काही निघालंही नाही आणि त्या सुटल्याही नाहीत, गल्लीतली आणखी तीन घरं त्यांची सुटली. आमच्याकडे त्या परत आल्या नाहीत.

इथे स्कॉटलंडच्या कोर्टात तीन निकाल असायचे, दोषी, निर्दोष, आणि तिसरा नॉट प्रूव्हन, म्हणजे सिद्ध झालं नाही. सुटका होते पण डाग राहतो, म्हणून पिढ्यान् पिढ्या लोक त्याच्याविरुद्ध बोलत होते, आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये स्कॉटिश संसदेने तो रद्द करायचा कायदा मंजूर केला. लॅबमध्ये डबा खाताना या बातमीवर चर्चा चालली होती आणि माझ्या घशाखाली घास उतरेना, मला मावशीच दिसत होत्या, ओट्याजवळ उभ्या, हातात राख लावलेली काथ्याची घासणी.

तर रविवारी आईला म्हटलं, दादाला सांग, बाबांच्या कपाटात तो तक्रारीचा कागद असेल, फोटो काढून पाठव. आई म्हणाली, "कशाला गे आता ते?" मग थोडं थांबून म्हणाली, "मी तेव्हाच बोललो होतो त्यांना, सही करायच्या आधी कुणाकडून तरी वाचून घ्या म्हणून." संध्याकाळी फोटो आला. शाळेत आपल्याला कन्नड होतं, अक्षरं लावत लावत वाचलं, अर्धा तास लागला. खालून चौथ्या ओळीत आहे ते. बागिलु तेरेदित्तु म्हणजे दार उघडं होतं. बागिलु तेरेदिट्टिद्दरु म्हणजे दार उघडं ठेवलं होतं. घाईत ऐकलं तर दोन्हीत फरक किती? काकांनी नीटच सांगितलं असेल, लिहिणाऱ्यानेही मुद्दाम केलं नसेल, मला खरंच तसं वाटत नाही. पण कागदावर दुसरा शब्द आहे.

ही गोष्ट पडद्यावर यावी असं मला फार वाटतं. कोपनहेगनची, केरळची नाही, आपली. तपास करणारा कन्नड बोलणारा असू दे, साक्षीदार मराठी असू दे, मध्ये दुभाषी म्हणून उभा राहिलेला शेजारी असू दे, आणि सगळं त्या एका शब्दावर फिरू दे. अर्धे संवाद कन्नड, अर्धे मराठी, कुणी डब करू नका. आपल्याकडे जो कुणी लिहिणारा, शूटिंग करणारा हे वाचत असेल त्याने हे घ्यावं, माझी काही हरकत नाही, फक्त मावशींचं नाव बदला.

मावशी आता अनगोळला लेकीकडे असतात असं आईला कुणीतरी सांगितलंय. गणपतीला येतेय मी, सुट्टी मंजूर झालीय. आईला म्हटलं कागदाची झेरॉक्स काढून ठेव, आपण दोघी जाऊन त्यांना वाचून दाखवू. आई म्हणाली, "कुंदा घेऊन जाऊ," आपली बेळगावची मिठाई. मग तिनेच विचारलं, "तेवढा एक शब्द कसा म्हणायचा ते मला शिकव आधी," आणि फोनवर मी म्हणतेय, ती माझ्यामागून म्हणतेय, तेरेदित्तु, तेरेदित्तु.