डोंगरात दिवसाला किती किलोमीटर धरावेत?

मोटारसायकलवरून डोंगराळ मुलखात जायचे, निसर्ग मनसोक्त पाहायचा, तर दिवसाला किती किलोमीटर धरावेत, असे मला सहलीची आखणी करणारे बरेच जण विचारतात. तुम्हीही विचारलेत म्हणून सांगतो: मी किलोमीटर धरतच नाही, तास धरतो.

याचे कारण माझ्या पहिल्याच सहलीत आहे. सपाटीवरच्या सवयीने मी एका दिवसासाठी २४० किलोमीटर ठरवले होते. प्रत्यक्षात वळणे, खडी आणि समोरून येणारे ट्रक यांमुळे ताशी २५ किलोमीटरही पडेनात. दरीत सूर्य मावळण्याच्या कितीतरी आधी कड्याआड जातो, हे मी लक्षातच घेतले नव्हते. शेवटचे ६० किलोमीटर अंधारात, दिव्याच्या झोतापुरता रस्ता पाहत काढले आणि जी दरी पाहण्यासाठी एवढ्या लांब आलो होतो ती मला दिसलीच नाही. ती हुरहुर अजून गेलेली नाही. तेव्हापासून मी दिवसाला गाडीवरचे सहा तास धरतो, थांबण्याचे दोन तास वेगळे ठेवतो आणि चारच्या सुमारास मुक्कामी पोहोचेन अशा बेताने सकाळी निघतो.

तासांनंतर पाहायची ती उंची. इटलीतल्या स्टेल्व्हिओ खिंडीचा ईशान्येकडचा घाट सुमारे २४ किलोमीटरांचा आहे, पण तेवढ्यात ४८ हेअरपिन (जवळजवळ उलट फिरणारी) वळणे आणि सुमारे १,८०० मीटरांचा चढ आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे पायथ्याशी २५ अंश असले तर माथ्यावर १३-१४ अंश, आणि त्यात धावत्या गाडीवरचा वारा. म्हणून गरम कपडे सामानाच्या तळाशी नव्हे, अगदी वर ठेवावेत. लडाखमधल्या खारदुंग लासारख्या ५,३५९ मीटरांच्या खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. तिथे इंजिनाची ताकद घटते आणि कार्ब्युरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेल्या) गाडीला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाऊ लागते, पण त्याहून मोठी काळजी चालवणाऱ्याची असते. ३,००० मीटरांच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरांपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, हा नियम मी आखणीत सर्वांत आधी बसवतो. खिंड कितीही उंच असो, रात्रीची झोप खाली उतरून घेता येईल असे पाहावे.

मग दिशा. घाट कोणत्या बाजूने चढायचा याचा विचार फार कमी जण करतात, आणि मला तर आखणीतला हाच भाग सर्वांत आवडतो. सकाळी पूर्वेकडचे उतार उजळलेले असतात आणि पश्चिमेकडचे सावलीत असतात, त्यामुळे एकच रस्ता दोन वेळांना दोन वेगळे रस्ते वाटतो. शिवाय वाहतूक डावीकडून चालत असेल आणि दरीही डाव्या हाताला असेल, तर समोरच्या वाहनांना न छेदता, रुंद जागा पाहून गाडी बाजूला घेता येते. निसर्ग पाहायचा तो असा उभे राहून. वळणावर नजर रस्त्यावरच हवी.

उतरणीसाठीही वेळ राखावा. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे वेग इंजिन आवरते आणि ब्रेक तापत नाहीत. जुने ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, त्यामुळे लांब उतारावर ते उकळून ब्रेक ऐन वेळी पोकळ पडू शकतात. निघण्यापूर्वी ते बदलून घ्यायला विसरू नका. सामान थोडेच घ्यावे आणि जड वस्तू खाली, गाडीच्या मध्याजवळ बांधाव्यात.

हिमनद्यांचे पाणी रस्त्यावरून वाहत असेल, तर तो टप्पा सकाळीच पार करावा, कारण दिवसभराच्या उन्हाने बर्फ वितळून दुपारनंतर ओढे फुगतात. एकदा अशा ओढ्याकाठी मी दुपारी पोहोचलो, पाण्याचा जोर पाहिला आणि गाडी मागे वळवली. आठ दिवसांच्या आखणीत एक दिवस मोकळा ठेवला होता, तो तिथे कामी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तेच पाणी घोट्याइतके होते.