दहा येनसाठी वाकलेली कंपनी

जपानच्या अर्थव्यवस्थेबद्दल मी बरंच वाचलंय, पण डोक्यात घुसलं ते एका टीव्हीवरच्या जाहिरातीमुळे. गारीगारी-कुन नावाची काडीवरची आईसकँडी असते तिथे (आपल्या गारेगारशी काही संबंध नाही, ती चावताना जो आवाज येतो तो म्हणजे गारीगारी), एकदम साधी, शाळकरी पोरांनी खायची. २५ वर्षं तिची किंमत ६० येन होती. २०१६ मध्ये कंपनीने ती ७० केली आणि टीव्हीवर चक्क माफी मागितली, म्हणजे कंपनीचे वरचे साहेब आणि कामगार सगळे रांगेत उभे, आणि मग एकदम सगळे कमरेत वाकतात, बस्स, एवढीच जाहिरात. दहा येनसाठी!

आधी हसू आलं, मग वाटलं की अरे, ज्या देशात २५ वर्षं भाव हलत नाही तिथल्या माणसाचं डोकं कसं चालत असेल? भाव वाढत नाहीत म्हणून पगार वाढवायची गरज नाही, पगार वाढत नाही म्हणून माणूस हात आखडता घेतो, गिऱ्हाईक हात आखडतं म्हणून कंपनी भाव वाढवायला घाबरते, आणि हे चक्र तीस वर्षं फिरत राहिलं. महागाईला शिव्या घालणाऱ्या आपल्यासारख्यांना हे सुखच वाटेल. पण पगाराची स्लिप पण तीच राहते ना भाऊ.

सुरुवात कुठून झाली ते थोडक्यात सांगतो. १९८५ ला न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी ठरवलं की डॉलर स्वस्त करायचा, त्यात येन इतका तगडा झाला की एका डॉलरला २४० येन लागायचे ते दोनेक वर्षांत १५० वर आले, निर्यातीला फटका बसेल म्हणून बँक ऑफ जपानने (म्हणजे तिथली रिझर्व्ह बँक) व्याज उतरवलं, आणि तो स्वस्त पैसा गेला जमिनीत आणि शेअरमध्ये. २९ डिसेंबर १९८९ ला निक्केई, म्हणजे तिथला सेन्सेक्स, ३८,९१५ वर बंद झाला आणि मग जो पडला तो तिथे परत पोचायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. ३४ वर्षं! १९२९ च्या महामंदीत कोसळलेला अमेरिकेचा डाऊ सुद्धा १९५४ ला, म्हणजे २५ वर्षांत जागेवर आला होता, आणि २००८ च्या वेळी तर अमेरिकेचा बाजार २०१३ लाच वर होता.

आता इथेच सगळे म्हणतात की जपान बुडाला. जीडीपीत २०१० ला चीन पुढे गेला, २०२३ ला जर्मनी पण गेला, वगैरे. मला हे अर्धंच पटतं, कारण एकूण जीडीपी बघताना आपण माणसं मोजायला विसरतो. जपानची लोकसंख्या २००८ च्या आसपास १२.८ कोटींवर जाऊन तेव्हापासून घटतेय आणि काम करायच्या वयातली माणसं तर १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनच कमी होतायत. त्या वयातल्या माणसामागे वाढ मोजली तर १९९८ ते २०१९ ह्या काळात जपान अमेरिकेच्या बरोबरीने चाललाय, मागे नाही. बेकारी अडीच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे माणूस ढिला पडलेला नाही, माणसंच कमी आहेत.

कर्जाचं पण तसंच, सरकारचं कर्ज जीडीपीच्या दुपटीहून जास्त, ग्रीस ह्याहून कितीतरी कमी कर्जावर कोसळला होता. फरक एवढाच की ग्रीसचं कर्ज युरोत होतं आणि युरो छापणं त्यांच्या हातात नव्हतं, तर जपानचं कर्ज येनमध्ये आहे, बहुतेक घरच्याच लोकांचं आहे, आणि जवळपास अर्धे सरकारी रोखे बँक ऑफ जपानकडेच पडलेत. घरात व्याज मिळत नव्हतं म्हणून पैसा बाहेर जायला तयार असायचा. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं कर्ज जपानकडून ५० वर्षांसाठी ०.१ टक्क्याने मिळालं तेव्हा आपल्याकडे लोक विचारत होते की ह्यांना परवडतं कसं. अहो, घरी शून्य मिळत असेल तर ०.१ पण बरंच की.

पण ह्या सगळ्यात एक गोष्ट मला माफ करता येत नाही आणि ती जीडीपीत दिसत पण नाही. जपानमध्ये कॉलेज संपायच्या आधीच कंपन्या एकगठ्ठा भरती करतात, तेव्हा आत गेलात तर गेलात, नंतर दार बंद. १९९३ पासून पुढे दहाएक वर्षं जी पोरं पास झाली त्यांच्या वेळी कंपन्यांनी भरतीच आवळली, कारण आत बसलेल्या कायम लोकांना काढता येत नव्हतं. त्या काळाला तिथे नोकरीचं हिमयुग म्हणतात. अमेरिकेत मंदी आली की धडाधड काढतात, क्रूर वाटतं, पण बाजार सुधारला की परत घेतात पण. जपानने फारसं कुणाला काढलं नाही, फक्त एका पिढीला आत घेतलं नाही, आणि बाहेरून ते किती सभ्य दिसतं! ती पोरं आता चाळिशी-पन्नाशीत आलीत, कित्येकांचं आयुष्य कंत्राटी कामात गेलं, लग्नं राहिली. आणि मग जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) २०२४ ला १.१५ का झाला म्हणून सरकार समित्या नेमतंय. (दक्षिण कोरिया त्या वर्षी ०.७५ वर होता, म्हणजे ह्या शर्यतीत जपान बराच म्हणायचा.) ओजी नावाच्या मोठ्या कागद कंपनीने २०२४ मध्ये जपानसाठी लहान बाळांचे डायपर बनवणं बंद केलं, म्हाताऱ्यांचे चालू ठेवले.

आणि गंमत म्हणजे आता भाव हलायला लागलेत. मार्च २०२४ ला बँक ऑफ जपानने उणे व्याजदर (म्हणजे बँकांनी तिच्याकडे पैसा ठेवला तर उलट त्यांनीच व्याज भरायचं) संपवला, त्याच वर्षी युनियनच्या वाटाघाटीत ५ टक्क्यांच्या वर पगारवाढ मिळाली, ३३ वर्षांत पहिल्यांदा. पण लोक खूश नाहीत, कारण सवयच नाही. २०२५ मध्ये तांदूळ वर्षभरात दुपटीला गेला आणि त्यात शेतीमंत्री बोलून गेले की मी कधी तांदूळ विकत घेतलाच नाही, समर्थक आणून देतात, झालं, काही दिवसांत राजीनामा.

गारीगारी-कुन २०२४ ला ८० येन झाली. ह्यावेळी आठच वर्षं लागली.