दाराचे पॅड, टॅपिंग स्क्रू आणि नायलॉनच्या क्लिपा : माझा अनुभव

सेकंडहँड घेतलेल्या आमच्या हॅचबॅकच्या चार दारांमधून मूठभर टॅपिंग स्क्रू, म्हणजे पत्र्यात स्वतःच आटे पाडत जाणारे स्क्रू, निघाले. कंपनीने ते लावलेले नव्हते. कंपनीचे स्क्रू दारात दोन-तीनच असतात, आतल्या हँडलमागे आणि हात टेकवायच्या खोबणीत. बाकी सगळा पॅड, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूचं प्लॅस्टिकचं आवरण, कडेकडेने लावलेल्या प्लॅस्टिकच्या क्लिपांवर उभा असतो. पाना नको, पेचकस नको, हाताने दाबलं की बसल्या. आधीच्या मालकाकडे काच वर-खाली करणारी मशीन बदलताना या क्लिपा तुटल्या असणार, आणि कुणीतरी त्यांच्या जागी सरळ पॅडच्या वरून, पत्र्यापर्यंत स्क्रू मारून दिले. आपल्याकडे हे सर्रास चालतं. गिऱ्हाईक बाहेर उभं असतं, क्लिप दुकानात मिळत नाही, ड्रिल हाताशी असतं.

परिणाम मी रोज ऐकत होतो. अमळनेरहून धरणगाव, पाळधीमार्गे जळगाव एमआयडीसी हा माझा रोजचा रस्ता. धरणगाव सोडलं की डाव्या दाराची खडखड सुरू व्हायची ती कारखान्याच्या गेटपर्यंत. पावसाळ्यात त्याच दाराखालची मॅट ओली असायची. पॅडची खालची कड फुगून पत्र्यापासून सुटली होती आणि स्क्रूच्या प्रत्येक भोकाभोवती बारीक तडे होते.

मी इंजेक्शन मोल्डिंगच्या, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबून वस्तू करायच्या मशीनवर काम करतो, त्यामुळे ते तडे बघून कारण लगेच लक्षात आलं. दाराचा पॅड बहुतेक गाड्यांत पॉलिप्रोपिलिनचा असतो. हे प्लॅस्टिक उष्णतेने पोलादाच्या कित्येक पट जास्त वाढतं. आपल्या जळगाव-भुसावळकडे जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर. उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत तर साठ अंश सहज ओलांडतात. एवढ्या फरकात पाऊण मीटर लांबीचा पॅड मागच्या पत्र्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त वाढतो किंवा आकसतो. त्याला ही जागा मिळाली नाही तर तो वाकतो, आणि वाकायलाही जागा नसेल तर तडकतो. स्क्रू त्याला जागा देत नाही. क्लिप देते.

पहिला पॅड काढून उलटा ठेवल्यावर ते डोळ्यांनी दिसलं. क्लिप ज्या घरात सरकवून बसवतात ती प्लॅस्टिकची छोटी घरं पॅडच्या पाठीला साच्यातच ओतलेली असतात. त्यातलं एक घर क्लिपला घट्ट धरून ठेवणारं होतं, दुसऱ्यात ती एकाच दिशेने हलत होती, आणि उरलेल्यांत चारही बाजूंना थोडी थोडी. म्हणजे एका जागेवर पॅडचं ठिकाण पक्कं करायचं, दुसऱ्या जागी तो फिरणार नाही एवढं बघायचं, आणि बाकीच्या क्लिपांनी फक्त पत्र्याकडे ओढून धरायचं. ज्याने हे आखलं त्याने उन्हाचा विचार आधी केला होता. माझ्या दृष्टीने या सगळ्या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच.

क्लिपची स्वतःची करामतही कमी नाही. तिचं टोक निमुळतं, म्हणून आत जाताना थोड्या जोरात जाते. पण टोकाच्या मागचा उतार उभा असतो, म्हणून बाहेर यायला कितीतरी जास्त जोर मागते. मागचा उतार किती उभा ठेवायचा यावर ती परत निघेल की तुटल्याशिवाय निघणारच नाही हे ठरतं. कारखान्यात गाडी जोडणारा कामगार दिवसभर शेकडो क्लिपा अंगठ्याने आणि तळहाताने दाबतो. आत जायचा जोर कमी ठेवला नाही तर संध्याकाळी त्याचा हात कामातून जाईल. पत्रा आणि प्लॅस्टिक यांच्यामधली ही लहानशी वस्तू त्या हाताचाही हिशेब ठेवून केलेली आहे. या क्लिपा करणाऱ्या जुन्या कंपन्यांपैकी ए. रेमंड ही फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात १८६५ साली सुरू झाली. ग्रेनोबल तेव्हा हातमोज्यांसाठी प्रसिद्ध होतं आणि १८८६ मध्ये त्या कंपनीने पेटंट घेतलं ते हातमोज्यांच्या टिच बटणाचं. दाबलं की बसतं, ओढलं की सुटतं, ही कल्पना कपड्यांतून गाडीत आली.

माझ्या एकाच गाडीत चार जातीच्या क्लिपा निघाल्या. दाराच्या पॅडला रुंद गोल डोक्याच्या, मानेभोवती फोमची चकती असलेल्या. डिक्कीच्या अस्तराला एकाखाली एक मऊ पाकळ्या असलेल्या. पत्रा जाड असो की पातळ, एखादी पाकळी मागून पकडतेच. चाकाच्या वरच्या अस्तराला मधली पिन दाबून फुगवायच्या, ज्या ती पिन उचलली की सुटतात. आणि काचांच्या मधल्या, छत धरणाऱ्या खांबांवरच्या पट्ट्यांना स्प्रिंगच्या पत्र्याच्या.

क्लिपा आणायला जळगावला स्पेअर पार्टच्या दुकानांत गेलो. दुकानदार गाडीचं नाव विचारतो आणि पाकीट पुढे करतो, पण त्यावर थांबू नये. मी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, घेऊन गेलो होतो. पत्र्यातल्या भोकाचा व्यास, पॅडवरच्या घराच्या खाचेची रुंदी आणि डोक्यापासून टोकापर्यंतची उंची, ही तीन मापं जुळली पाहिजेत. अर्धा मिलिमीटर जाडीचा फरक असला तरी क्लिप बसते, पण धरत नाही, आणि खडखड परत येते.

दुसरी परीक्षा मालाची. हलक्या प्रतीच्या क्लिपा पुन्हा वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या दाण्याच्या किंवा पॉलिप्रोपिलिनच्या असतात. पॉलिप्रोपिलिन पाण्यावर तरंगतं, नायलॉन बुडतं. फोमची चकती काढून क्लिप पाण्याच्या ग्लासात टाकायची, दुकानातच. मी तसं केलं तेव्हा एका पाकिटातल्या सगळ्या वर राहिल्या. दुकानदार चांगला माणूस, त्याने ते पाकीट बाजूला ठेवलं आणि आतून दुसरं काढलं. भाव थोडा जास्त होता, पण सगळ्या दारांच्या क्लिपा मिळून एका वेळच्या पेट्रोलपेक्षा स्वस्त पडल्या. चारही दारांना लागतील त्याहून थोड्या जास्त घ्याव्यात.

आता उन्हाळ्यातली खास गोष्ट सांगतो, कारण खानदेशात ती कामाची आहे. नायलॉन हवेतलं पाणी पितं. नायलॉन ६६ ही त्यातली एक जात साधारण हवेत वजनाच्या अडीच टक्क्यांच्या आसपास ओल धरून असतं, आणि ही ओलच त्याला चिवट ठेवते. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत महिनोन्महिने दुकानाच्या काउंटरवर पडलेली क्लिप कोरडी होते आणि दाबताना काडकन मोडते. आमच्या कारखान्यात नायलॉनचे पार्ट साच्यातून निघाले की गरम पाण्यात ठेवतात, म्हणून मी क्लिपाही रात्रभर कोमट पाण्यात ठेवल्या. सकाळी दोन बोटांत दाबून बघितल्या, पाकळ्या वाकून परत येत होत्या. काही क्लिपा नायलॉनऐवजी पीओएम नावाच्या दुसऱ्या प्लॅस्टिकच्या असतात. त्याही पाण्यात बुडतात, पण पाणी जवळजवळ पीत नाहीत, त्यांना भिजवून फरक पडत नाही. जुन्या पॅडला मात्र उन्हापेक्षा थंडी वाईट: तो थंडीत पहाटे काढू नये. दुपारी, गाडी थोडी तापलेली असताना प्लॅस्टिक वाकतं, तुटत नाही.

काम अमळनेरलाच केलं, आमच्या ओळखीच्या कुशनवाल्या नानांच्या शेडमध्ये. त्यांनी आयुष्यभर सीट आणि दारांची अस्तरं केली आहेत. त्यांच्याकडे पॅड उचकटायला लोखंडी पेचकस लावतच नाहीत. नायलॉनची चपटी, टोकाला फाटा असलेली पट्टी वापरतात. आधी हँडलमागचे आणि खोबणीतले कंपनीचे स्क्रू काढले, मग बाहेरून मारलेले. त्यानंतर खालच्या कोपऱ्यातून पट्टी घालून, थेट क्लिपच्या शेजारी नेऊन, एकेक क्लिप सोडवली. दोन क्लिपांच्या मध्ये पट्टी घालून ओढलं की पॅडचं घर फाटतं, आणि ते घर बाजारात मिळत नाही. तळाची आणि बाजूची रांग सुटल्यावर पॅड सरळ वर उचलायचा, कारण वरची कड काचेच्या पट्टीवर नुसती अडकवलेली असते. आतल्या हँडलची तार आणि पॉवर विंडोचा कनेक्टर सोडवल्याशिवाय पॅड लांब ओढायचा नाही.

आत जे दिसलं त्याने मला खरोखर राग आला. एका स्क्रूचं टोक वायरींच्या जुडग्याला टेकलेलं होतं. वरचं आवरण घासून तांबं दिसायच्या बेतात होतं. दुसऱ्या स्क्रूने पाणी अडवणारा प्लॅस्टिकचा पडदा फाडला होता. दारात पाणी येतंच, काचेवरून उतरून आत जातं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. ते केबिनमध्ये येऊ नये म्हणून हा पडदा असतो, आणि क्लिपच्या मानेवरची फोमची चकतीसुद्धा त्याचसाठी, भोकातून पाणी आणि आवाज येऊ नये म्हणून. स्क्रूला चकती नसते. तळाची भोकं काळ्या मातीच्या धुळीने लिंपून गेली होती. ती तारेने मोकळी केली तेव्हा गढूळ पाण्याची धार लागली. मॅट ओली का व्हायची ते कळलं. स्क्रूंनी पाडलेली पत्र्यातली भोकं गंजायला लागली होती. ती घासली, प्रायमर लावला, रबराच्या बुच्यांनी बंद केली, वायरींना टेप गुंडाळली, पडदा ब्यूटिल रबराच्या चिकट पट्टीने पुन्हा बसवला.

पॅड बसवताना क्लिपा आधी पॅडच्या घरांत सरकवायच्या, पत्र्यात नाही. वरची कड काचेच्या पट्टीवर टेकवायची, घट्ट घराची क्लिप तिच्या भोकासमोर आणायची आणि मग प्रत्येक क्लिपच्या नेमक्या वर तळहाताने दाबायचं. मी मुठीने ठोकायला लागलो तर नाना म्हणाले, “ठोकू नको, आयक. टक वाजनं म्हंजे बसनं.” प्रत्येक क्लिपचा तो आवाज ऐकूनच पुढच्या क्लिपकडे गेलो. एका ठिकाणी आवाज आला नाही. पॅड ओढून बघितला तर क्लिपचं टोक भोकाच्या कडेला अडून आडवं झालं होतं. ती काढून दुसरी घातली. म्हणून जास्तीच्या क्लिपा हव्यात.

सगळंच क्लिपांवर सोडता येत नाही. दार ओढायचं हँडल आणि हात टेकवायची जागा यांवर माणसाचं वजन येतं, तिथले कंपनीचे स्क्रू परत लावलेच पाहिजेत. आणि पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबांना मी हात लावला नाही. ज्या गाड्यांत छताच्या कडेला पडदा एअरबॅग असते, तिथे खांबाच्या पट्टीच्या क्लिपा वेगळ्या असतात. एअरबॅग उघडताना पट्टी सुटते, पण क्लिपला जोडलेल्या दोरीमुळे उडून माणसाच्या तोंडावर येत नाही. अशा क्लिपा एकदा काढल्या की नव्याच घालायच्या असतात, त्याही कंपनीच्याच. तिथे बाजारातलं पाकीट चालत नाही, आणि स्क्रू तर अजिबात नाही. ज्यांच्या गाडीच्या त्या पट्टीवर एअरबॅगची खूण आहे आणि वरून स्क्रू मारलेला दिसतो, त्यांनी तो आधी दाखवून घ्यावा.

माझं डिक्कीचं अस्तर अजून राहिलंय. तिथल्या पाकळ्यांच्या क्लिपांची मापं घेऊन ठेवली आहेत, पावसाळ्यानंतर ते काम काढणार.