कालव्याची बेरोजगारी

मी पुण्यात घरी बसून फ्रेंच कागदांची भाषांतरं करते. करार, दाखले, बिलं, येईल ते. पण एका डिसेंबरात आलेल्या एकपानी सूचनेनं जी फजिती केली, ती अजून आठवते.

एका सहल कंपनीला एका कुटुंबाला जानेवारीत 'कानाल द्यु मिदी'वर बोटीतून फिरवायचं होतं. दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझहून निघणारा, सतराव्या शतकातला, 240 किलोमीटरचा कालवा. सूचनेच्या मथळ्यातच 'शोमाज' हा शब्द होता. शोमाज म्हणजे बेरोजगारी, हे फ्रेंच शिकणारं कोणीही सांगेल. घाईत मी ठोकून दिलं: 'कालव्यावर बेरोजगारीचा काळ'.

तासाभरात फोन. "मॅडम, तिकडे संप आहे का? मंडळी घाबरलीत."

मग सूचना नीट वाचली. पाणी उतरवून दरवाजे दुरुस्त करायचे, म्हणून बोटी बंद! शरमून शब्दकोश उघडला, आणि तासभर त्यातच गेला.

मूळ क्रियापद 'शोमे'. ग्रीक 'कौमा' म्हणजे रणरणता उकाडा. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'कौमारे', म्हणजे उन्हाच्या वेळी विसावा घेणं. पुढं अर्थ सरकत गेला: सणाला काम बंद ठेवणं, यंत्र नुसतं पडून राहणं आणि मग हाताला काम नसणं. सावलीतल्या विसाव्याची बेकारी व्हावी, हे मला अजूनही जरा क्रूर वाटतं. जुना अर्थ मात्र पुरता मेलेला नाही. 1 मे तिकडे कायद्यानंच 'शोमे' असतो, म्हणजे भरपगारी सुट्टीचा. (तिथंही मी बेरोजगारी लिहिली असती!) आणि एखादा 'शोम' करत नाही म्हटलं, की तो सतत कामात.

माझे वडील पाटकरी होते. रात्री त्यांना सगळं सांगितलं, तर ते हसत सुटले. "त्यात काय एवढं? पाट बंद असतो तेव्हाच आमचं काम वाढायचं. गाळ काढा, दारं बघा. आणि दुपारी औत सुटतं, तेव्हा बैल काय बेकार होतो?"

दुसऱ्या दिवशी दुरुस्त प्रत पाठवली: 'देखभालीसाठी कालवा बंद'. बिलातून त्या पानाचे पैसे वजा केले. मंडळींनी सहल मे महिन्यावर ढकलली.