पत्र्याखालची अंडी

सातारा जिल्ह्यातल्या कोरड्या माण तालुक्यात मी पशुवैद्यक म्हणून काम करीत असताना, एका मे महिन्यात दवाखान्यात आलेल्या ताईंनी टेबलावर फडके सोडले, तेव्हा सातपैकी तीन अंडी फुटलेली निघाली. "डॉक्टर, ह्याच कोंबड्यांच्या बहिणी पाटणला माझ्या माहेरी हैत. तिकडची अंडी टणक, मग माझ्याकडंच अशी कचकड्याची का?" पंधरा दिवसांपूर्वी याच तक्रारीवर मी खुर्चीत बसूनच कॅल्शियमचे औषध लिहून दिले होते आणि त्यांनी ते नेमाने पाजलेही होते. आता वस्तीवर जाणे मला भाग होते.

दुपारचे अडीच वाजले होते. खुराड्याचा पत्रा इतका बुटका होता की मला वाकून आत जावे लागले, आणि सोबत नेलेला तापमापक पाच मिनिटांत 41 अंशांवर पोहोचला. सहाही कोंबड्या पंख अंगापासून दूर धरून, चोची वासून धापा टाकत होत्या. काळ्या घमेल्यातले पाणी अंघोळीला चालेल इतके गरम होते. सकाळी टाकलेली ज्वारी तशीच पडून होती.

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसल्यामुळे ती धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर काढते. पण त्याबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइडही वाजवीपेक्षा जास्त निघून जातो आणि, कवच बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचे असल्याने, पोटात कॅल्शियम जाऊनही कार्बोनेट अपुरे पडते. माझी बाटली वाया गेली ती यामुळे. एक अंडे वाटीत फोडले तर बलक लिंबाच्या सालीसारखा फिका होता, कारण बलकाला रंग देणारा हिरवा पाला किंवा पिवळा मका त्या कोंबड्यांच्या वाट्याला येतच नव्हता.

पत्र्यावर वाळक्या गवताचा जाड थर आणि भिजवलेले गोणपाट, कडुलिंबाच्या सावलीत मातीच्या परळीत पाणी, दाणे पहाटे व दिवस कलल्यावर, आणि कवच मुख्यतः रात्री घडत असल्याने शिंपल्यांचा चुरा संध्याकाळी, एवढेच सांगून मी निघालो. तीन आठवड्यांत चार कोंबड्यांची अंडी सुधारली. दोघींची मात्र पाऊस पडेपर्यंत पातळच राहिली.

ऑगस्टमध्ये लसीकरणासाठी पाटणकडे गेलो असता मुद्दाम त्यांच्या माहेरी डोकावलो. फणसाखाली पाला उकरत हिंडणाऱ्या कोंबड्या अंगाने भरलेल्या होत्या आणि बलक केशरी होता. परंतु सततच्या पावसाने खुराड्यातला भुसा चिकचिकीत झाला होता आणि महिन्याभराची पिल्ले रक्ती हगवणीने खुरटून एका कोपऱ्यात गोळा झाली होती. ताईंच्या आईने विचारले, "पाऊस सरंस्तवर ही लेकीकडं धाडू का? तिकडं कोरडं असतं." आजारी पिल्ले एसटीने नेऊन रोग तिकडे पोहोचवण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्यांना औषध सुरू करून मी भुसा बदलायला लावला. पुढच्या वर्षीची पिल्ले मात्र मृगापूर्वीच डालग्यात बसून ताईंकडे, माणमधल्या दहिवडीला आली.