तुम्ही विचारलंत म्हणून : ‘जुन्या माणसांचा विरोध कसा मोडता?’

गावोगावच्या दूध संस्थांमध्ये फॅट तपासायची मशीन आणि संगणकावरचा हिशोब बसवून देणं, माणसांना ते शिकवणं, हे माझं काम. भेटेल तो विचारतो, “जुनी माणसं ऐकतात का हो? विरोध कसा मोडता?” परवा तुम्हीही तेच विचारलंत.

‘मोडता’ हा शब्दच मला खटकतो. पूर्वी मीही तसंच बोलायचो. पन्हाळ्याकडच्या एका संस्थेच्या सचिवांनी माझी ती सवय घालवली.

सव्वीस वर्षं त्यांनी काचेच्या नळीवर दुधातली फॅट मोजली होती. १० मिली ॲसिड, त्यावर १०.७५ मिली दूध, १ मिली अमाईल अल्कोहोल, बूच लावून हलवायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं आणि नळी डोळ्यांसमोर धरून पिवळा थर वाचायचा. हातांवर ॲसिडचे डाग. आमचं मशीन एक-दीड मिनिटात फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दाखवायचं. तिसऱ्याच दिवशी ते म्हणाले, “सायब, तुमचं मशीन म्हशीला फसतंय.”

मला वाटलं, खुर्ची जाईल म्हणून घाबरलेत. तसा शेरा वहीत लिहिलाही. त्याची आजही लाज वाटते.

चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी काट्याजवळ जाऊन बसलो. एकाच म्हशीचं दूध दोन्हीकडे तपासलं. नळीवर ६.८, मशीनवर ६.१. सात पॉईंटचा फरक (०.१ म्हणजे एक पॉईंट)! दरपत्रकात पॉईंटागणिक दर हलतो, म्हणजे फटका थेट उत्पादकाच्या बिलाला. सचिवांनी तोवर आणखी एक गोष्ट हेरली होती : गाईच्या दुधामागून म्हशीचं आलं की फरक पडतो. गर्दीत मशीनवरचं पोरगं गाय-म्हैस बटण बदलायला विसरत होतं, मशीन गाईच्याच सेटिंगवर चालत होतं. मग आधी म्हशीचं दूध, मधे मशीन धुवायचं, नंतर गाईचं, अशी रांग लावली. दर दहा दिवसांनी, बिलाच्या आधी, दहा नमुने नळीवर पडताळायचे, तेही सचिवांनीच. मशीनवर लक्ष ठेवायला त्यांच्याइतका जाणता माणूस त्या गावात दुसरा नव्हता.

तेव्हापासून कुठेही गेलो की ‘नको’ म्हणणाऱ्याच्या शेजारी आधी बसतो. एका आजींना छापील चिठ्ठी नको होती, हातानं लिहिलेलं कार्डच हवं होतं. त्यांनी कमरेची पिशवी उघडून दाखवली : उष्णतेनं चिठ्ठ्यांवरची अक्षरं उडाली होती, कोरे कागद उरले होते. कार्डं चालू ठेवली.

सगळ्यात अवघड जातं ते बिल खात्यावर जमा करणं. एका गावात बायकांनी ठाम नकार दिला. बाहेरून बघणाऱ्याला ते अडाणीपण वाटेल. पण धार काढणारी, शेण भरणारी, दूध डेअरीत घालणारी बाई, आणि सभासद व खातेदार नवरा. रोख बिल निदान तिच्या हातात पडायचं. एक जण म्हणाली, “ब्यांकेत गेलं म्हंजे माझं गेलंच की!” यावर कुठलं प्रशिक्षण देणार? संचालकांशी दोन बैठका झाल्या, कडाक्याचे वाद झाले, आणि ज्यांना हवी त्यांची खाती बायकांच्या नावे उघडली. सगळ्यांची नाही झाली. काही घरांतून सहीच मिळाली नाही. ती सल आहेच.

मला खरी भीती वाटते ती लगेच ‘हो’ म्हणणाऱ्या संस्थेची. एका ठिकाणी हार-नारळ झाला, फोटो निघाले. महिन्यानं गेलो तर मशीनवर कापड आणि शेजारी जुनीच नळी. कारण सांगायलाही कुणी तयार नव्हतं. तिथं मला काही करता आलं नाही.

ते सचिव आता निवृत्तीला आले आहेत. मागच्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला, “तीन दिस झालं, चार पॉईंटचा फरक येतोय. येऊन बघा.” दुसऱ्या दिवशी पहाटेच गेलो. दहाही नमुने त्यांनी नळ्यांत भरून ठेवले होते.