फॉर्मवर नसलेला प्रश्न

थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असल्याने इंदूरच्या एका रुग्णालयात मला रेडिओआयोडीन, म्हणजे ग्रंथीत शिरून तिचे काम कमी करणारे किरणोत्सारी आयोडीन-१३१, देण्याचे ठरले. आयोडीनयुक्त मीठ पंधरा दिवस बंद करून मी घरी सैंधव वापरले आणि बाजारच्या शेवेत कोणते मीठ असते हे कळत नसल्याने पोहेही शेवेविना खाल्ले. डॉक्टरांच्या सांगण्यावरून थायरॉईड दाबणाऱ्या गोळ्या पाच दिवस आधी थांबवल्या, तेव्हा छातीतील धडधड आणि हातांचा कंप परत आला.

ठरलेल्या सकाळी तंत्रज्ञांनी माझी जुनी कागदपत्रे चाळली आणि विचारले, "तीन आठवड्यांपूर्वीचा हा सीटी स्कॅन कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन देऊन केला होता का?" पोटदुखीसाठी तो केला होता. फॉर्मवर ॲलर्जी, गर्भारपण, चालू औषधे असे सर्व विचारले होते. हे मात्र विचारलेले नव्हते.

आयोडीनचा अणू जड असल्याने क्ष-किरण अडवतो, म्हणून स्कॅनमध्ये अवयव उठून दिसावेत यासाठी दिले जाणारे ते कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन आयोडीनचेच असते. माझ्या रिपोर्टनुसार दर मिलीलिटरला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलीलिटरमध्ये ३० ग्रॅम. प्रौढ माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम आहे; त्या हिशेबाने हा साठा साडेपाचशे वर्षे पुरावा. त्यातील बहुतेक भाग मूत्रावाटे निघून जातो, पण सुटा राहिलेला थोडा अंशही ग्रंथीला भरून टाकण्यास पुरेसा असतो, आणि साधे व किरणोत्सारी आयोडीन रासायनिकदृष्ट्या सारखेच असल्याने भरलेली ग्रंथी औषधाचे आयोडीनही घेत नाही. मला दोन महिन्यांनी यायला सांगितले. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते, त्यामुळे माझ्यासाठी मागवलेली मात्रा राखून ठेवता येणे शक्यच नव्हते. मी पंधरा दिवस मिठाचे कण मोजत होते, त्या काळात हा एक प्रश्न कोणीही विचारू शकले असते, याचा संताप अजून जात नाही.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पुन्हा थांबल्या, पथ्यही पुन्हा झाले. दुसऱ्या खेपेस कॅप्सूल गिळायला मिनिटही लागले नाही. नंतर काही दिवस लहान मुलांपासून दूर राहावे लागते, तेव्हा घरात नातवंडे असतील तर आधीच सोय करावी. खोकल्याची औषधे आणि जखमेवर लावायचे पोव्हिडोन आयोडीनही डॉक्टरांना सांगावे, आणि मागील सहा महिन्यांतील प्रत्येक स्कॅनचा कागद न विचारताच पुढे ठेवावा.

तो प्रश्न फॉर्मवर छापावा असा लेखी अर्ज मी दिला आहे. मागच्या सोमवारी तपासणीला गेले, तेव्हा खिडकीवर जुनाच फॉर्म होता.